प्रौढपणीं इंग्रजीचा अभ्यास : कांहीं ऐतिहासिक दाखले

वय वाढलें कीं विद्या चढत नाहीं, असा एक समज आपल्या समाजांत फार दिवसांपासून रूढ आहे. ओल्या मातीला हवा तो आकार देतां येतो, भाजलेल्या मडक्याला देतां येत नाहीं, हा दृष्टान्त त्याच्या पुष्टीसाठीं नेहमीं पुढें केला जातो. इंग्रजी भाषेच्या बाबतींत तर हा समज विशेषच दृढ झालेला दिसतो. लहानपणीं ज्यांना शाळा लाभली नाहीं, अथवा शाळा लाभूनहि इंग्रजीचा चांगला शिक्षक लाभला नाहीं, असे कितीतरी कारागीर, दुकानदार, कारकून आणि गृहिणी यांच्या मनांत ही भाषा शिकण्याची इच्छा असते. पत्र आलें तर दुसऱ्याकडे धांवावें लागतें. कचेरींत कागद पुढें आला तर सही कोठें करावयाची एवढेंच विचारून गप्प बसावें लागतें. मुलांच्या पुस्तकांतलें त्यांना कांहीं सांगतां येत नाहीं. तरीहि "आतां या वयांत काय शिकणार?" असें म्हणून ती इच्छा मनांतल्या मनांत मारली जाते.

हा समज कितपत खरा आहे, याचा निर्णय तर्कापेक्षां इतिहासाच्या आधारानें करणें बरें. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नव्हती, ज्यांनीं लहानपणीं त्या भाषेचें एक अक्षरहि गिरविलें नव्हतें, आणि ज्यांना पोटासाठीं किंवा कार्यासाठीं प्रौढपणीं ती शिकावी लागली, अशा माणसांचे वृत्तान्त उपलब्ध आहेत. त्यांनीं काय केलें, त्यांना किती काळ लागला आणि कोणत्या अडचणी आल्या, हें पाहिलें म्हणजे आजच्या प्रौढ विद्यार्थ्याला धीर येईल, आणि धीराबरोबर कांहीं उपयुक्त रीतीहि हातीं लागतील.

प्रौढांसाठीं इंग्रजी शिकविणारीं कांहीं जुनीं पुस्तकें निघालीं तीं निर्वासितांच्या गरजेमुळें. सोळाव्या शतकांत फ्रान्स देश धर्मकलहानें पोळून निघाला होता. १५७२ सालच्या ऑगस्ट महिन्यांत पॅरिस शहरांत प्रॉटेस्टंट पंथाच्या लोकांची भयंकर कत्तल झाली, आणि ह्यूगेनॉ या नांवानें ओळखले जाणारे ते लोक जीव घेऊन देशोदेशीं पळाले. त्यांतले पुष्कळ लंडनला आले. यांत विणकर होते, कारागीर होते, व्यापारी होते. हातांत कसब होतें, परंतु तोंडांत भाषा नव्हती. बाजारांत भाव विचारावयाचा कसा, घरमालकाशीं बोलावयाचें कसें, कोणी वाटेंत हटकलें तर उत्तर काय द्यावयाचें, हे त्यांच्यापुढचे रोजचे प्रश्न होते.

त्यांच्यांतलाच झाक बेलो नांवाचा एक शिक्षक त्यांच्या मदतीला आला. १५८० सालीं त्यानें फ्रेंच लोकांसाठीं इंग्रजीचें एक पुस्तक रचलें, आणि १५८६ सालीं संभाषणांचें दुसरें एक लहानसें पुस्तक छापलें. या दुसऱ्या पुस्तकाची मांडणी मोठी विचारपूर्वक होती. पानावर तीन रकाने होते. एका रकान्यांत इंग्रजी वाक्य, दुसऱ्यांत त्याचा फ्रेंच अर्थ, आणि तिसऱ्यांत तेंच इंग्रजी वाक्य फ्रेंच वाचकाला उच्चारतां येईल अशा फ्रेंच वळणाच्या स्पेलिंगांत. संभाषणांचे विषयहि राजसभेंतले नव्हते. सकाळीं उठणें, मुलाला शाळेंत धाडणें, कोळिणीकडून मासे घेणें, कापडवाल्याशीं घासाघीस करणें, जेवणाच्या वेळच्या गोष्टी, प्रवासांतली विचारपूस, असे ते घरगुती विषय होते. आपल्याकडे इंग्रजी वाक्याखालीं त्याचा उच्चार बाळबोध लिपींत देणारीं जीं संभाषणाचीं छोटीं पुस्तकें छापलीं गेलीं, त्यांची कुळकथा अशी चारशें वर्षांपूर्वींच्या त्या तीन रकान्यांपर्यंत मागें नेतां येते.

बेलोच्या पुस्तकांत व्याकरण थोडें आणि गरज पुष्कळ होती. ज्या माणसाला आज संध्याकाळीं भाजी आणावयाची आहे त्याला क्रियापदांचीं सर्व रूपें पाठ करावयास सांगणें म्हणजे तहानलेल्याला विहीर खणावयास लावण्यासारखें आहे, हें त्यानें ओळखलें होतें. पुढें १६८५ सालीं फ्रान्सच्या राजानें प्रॉटेस्टंटांना दिलेलें अभय काढून घेतलें आणि निर्वासितांची दुसरी मोठी लाट इंग्लंडला येऊन थडकली. त्याच सालीं गी मिएज नांवाच्या गृहस्थानें फ्रेंच लोकांसाठीं इंग्रजीचें अधिक विस्तृत पुस्तक प्रसिद्ध केलें.

आतां आपल्या देशाकडे वळूं. राजा राममोहन रॉय यांचें इंग्रजी लेखन पुढें विलायतेंतहि वाखाणलें गेलें. परंतु त्यांनीं ही भाषा शिकण्यास आरंभ केला तो बालपणीं नव्हे. फारसी, अरबी आणि संस्कृत या भाषांत पारंगत झाल्यावर, वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या सुमारास ते इंग्रजीकडे वळले. जॉन डिग्बी नांवाचे कंपनी सरकारचे अधिकारी त्यांचे वरिष्ठ होते. त्यांनीं १८१७ सालीं लंडन येथें राममोहनांचे वेदान्तविषयक इंग्रजी ग्रंथ पुन्हां छापविले, आणि त्यांच्या प्रस्तावनेंत ही हकीकत नमूद करून ठेविली आहे. ती मोठी मनोरंजक आहे. डिग्बी सांगतात कीं, पहिल्या पांच वर्षांत राममोहनांनीं या भाषेकडे नेटानें लक्ष दिलें नाहीं; त्यामुळें पांच वर्षांनंतरहि त्यांना अगदीं सामान्य विषयांवर समजण्यापुरतेंच बोलतां येत असे, आणि शुद्ध लिहितां तर मुळींच येत नसे.

पांच वर्षें गेलीं आणि हातीं एवढेंच! येथें सामान्य माणसानें नाद सोडून दिला असता. परंतु पुढें रंगपूर येथें डिग्बींच्या हाताखालीं वसुलाच्या खात्यांत दिवाण म्हणून काम करीत असतां राममोहनांनीं वेगळी रीत धरली. डिग्बींचा जेवढा सरकारी पत्रव्यवहार असे, तो सारा ते बारकाईनें वाचूं लागले. युरोपियन गृहस्थांशीं त्यांनीं बोलण्याचा आणि पत्रें लिहिण्याचा परिपाठ ठेविला. इंग्रजी वृत्तपत्रें ते नित्य वाचीत, आणि त्यांतहि युरोपांतल्या राजकारणाच्या बातम्या विशेष आवडीनें वाचीत. या उपायांनीं त्यांची भाषा इतकी शुद्ध झाली कीं, १८२३ सालीं गव्हर्नर जनरल लॉर्ड ॲम्हर्स्ट यांना शिक्षणाविषयीं त्यांनीं पाठविलेलें पत्र आजहि इतिहासाच्या अभ्यासकांना वाचावें लागतें.

या वृत्तान्तांतलें मर्म लक्षांत घेण्याजोगें आहे. पहिल्या पांच वर्षांत भाषा चढली नाहीं आणि पुढच्या कांहीं वर्षांत चढली, तें बुद्धि वाढली म्हणून नव्हे. बुद्धि तीच होती. फरक एवढाच कीं, पुढच्या काळांत भाषा त्यांच्या रोजच्या कामांत येऊन बसली. दिवाणाला जें पत्र समजून घ्यावेंच लागतें, तेंच त्यांचें क्रमिक पुस्तक झालें. कापडाच्या दुकानांतल्या माणसानें पावत्या आणि मालाच्या याद्या, रुग्णालयांतल्या परिचारिकेनें औषधांच्या बाटल्यांवरच्या सूचना, यंत्रावर काम करणाऱ्यानें त्या यंत्राचें माहितीपत्रक, हेंच प्रथम वाचावयास घ्यावें. कारण त्यांतला अर्धा अर्थ त्याला कामामुळें आधींच ठाऊक असतो, आणि उरलेला अर्धा मिळविणें सोपें जातें.

राममोहनांच्या नंतर सुमारें अर्ध्या शतकानें युरोपांत एक विलक्षण विद्यार्थी निपजला. त्याचें नांव हाइनरिख श्लीमन. ट्रॉय आणि मायसीनी येथील उत्खननांमुळें तो पुढें जगप्रसिद्ध झाला. परंतु १८४२ च्या सुमारास तो ॲम्स्टरडॅम शहरांतल्या एका पेढीवर हलकें काम करणारा वीस वर्षांचा जर्मन तरुण होता. किराणा मालाच्या दुकानांत उमेदवारी करतांना जड पिंप उचलल्यानें त्याच्या छातीला दुखापत झाली होती. पुढें तो ज्या जहाजावर चढला तें हॉलंडच्या किनाऱ्यावर फुटलें होतें. आतां हुंड्यांवर शिक्के मारणें आणि टपाल नेणें-आणणें एवढेंच त्याचें काम होतें. वर्षाचा पगार आठशें फ्रँक. त्यांतला अर्धा त्यानें शिक्षणासाठीं काढून ठेविला, आणि उरलेल्या अर्ध्यांत थंडीच्या दिवसांतहि शेगडी नसलेल्या एका खोलींत तो राहूं लागला.

इंग्रजी शिकण्याची जी रीत त्यानें स्वतःसाठीं बसविली, ती त्यानें पुढें आपल्या आत्मवृत्तांत लिहून ठेविली आहे. ती अशी : पुष्कळ मजकूर मोठ्यानें वाचावा, भाषांतर करीत बसूं नये, रोज एक तास शिक्षकाकडे जावें, आपल्याला ज्या विषयांत गोडी आहे त्यावर रोज कांहीं तरी लिहावें, तें शिक्षकाकडून दुरुस्त करून घ्यावें, दुरुस्त झालेलें पाठ करावें, आणि दुसऱ्या दिवशीं तें म्हणून दाखवावें. रविवारीं तो इंग्रजी चर्चमध्यें दोन वेळां जाऊन बसे, आणि धर्मोपदेशकाचा प्रत्येक शब्द हलक्या आवाजांत स्वतःशींच उच्चारीत राही. टपालाला जातांना, भर पावसांतहि, त्याच्या हातांत पुस्तक असे. टपाल कचेरींत रांगेंत उभें राहावें लागे, तो वेळहि त्यानें वांया जाऊं दिला नाहीं. अशा रीतीनें गोल्डस्मिथची एक आणि स्कॉटची एक, अशा दोन कादंबऱ्या त्यानें तोंडपाठ केल्या, आणि सहा महिन्यांत इंग्रजी आत्मसात केली, असें तो सांगतो.

श्लीमनला स्वतःविषयीं वाढवून सांगण्याची खोड होती, असें मागाहून पुष्कळ संशोधकांनीं दाखविलें आहे. तेव्हां सहा महिन्यांचा हिशेब जरा सैल हातानें घ्यावा. परंतु अनेक भाषांतला त्याचा पत्रव्यवहार उपलब्ध आहे, आणि त्याची रीत फलदायी होती याविषयीं शंका उरत नाहीं. याच रीतीचा एक गमतीचा प्रसंग त्याच्या रशियन भाषेच्या अभ्यासांत घडला. रशियन शिकविणारा कोणी मिळेना, तेव्हां पाठ केलेलें ऐकण्यासाठीं त्यानें एक गरीब मनुष्य आठवड्याला चार फ्रँक देऊन नेमला. त्या बिचाऱ्याला रशियनचा एक शब्दहि समजत नव्हता! काम एवढेंच कीं रोज रात्रीं दोन तास समोर बसून ऐकावयाचें. घराच्या मजल्यांमधल्या फळ्या पातळ असल्यामुळें शेजाऱ्यांनीं तक्रारी केल्या आणि श्लीमनला दोनदां बिऱ्हाड बदलावें लागलें. पण मोठ्यानें म्हणण्याचा नेम त्यानें सोडला नाहीं. आपल्याकडे वेदपठण करणारे, पाढे म्हणणारे आणि पोथी वाचणारे यांना ही गोष्ट नवी वाटणार नाहीं. कान आणि जीभ यांना वळण लागल्यावांचून नुसत्या डोळ्यांनीं भाषा अंगीं मुरत नाहीं.

यानंतरचें उदाहरण एका खलाशाचें आहे. जोसेफ कॉनरॅड हा जन्मानें पोलिश. १८५७ सालीं तो जन्मला. पोलिशखालोखाल फ्रेंच भाषा त्याला उत्तम येत असे. १८७८ सालीं, वयाच्या विसाव्या वर्षीं, तो इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या लोस्टॉफ्ट बंदरांत प्रथम उतरला, तेव्हां त्याला इंग्रजीचे मोजके शब्द ठाऊक होते. कोळशाची ने-आण करणाऱ्या एका किनारी जहाजावर त्यानें चाकरी धरली. कोळी, सुतार आणि खलाशी यांच्या तोंडची रांगडी बोली हा त्याच्या कानावर पडलेला पहिला पाठ, आणि एक इंग्रजी वृत्तपत्र हें त्याचें पहिलें वाचन. दोन वर्षांनीं, १८८० सालीं, तो जहाजावरच्या दुय्यम अधिकाऱ्याची परीक्षा इंग्रजींत उतरला. पुढच्या परीक्षांत एक-दोनदां नापासहि झाला. परंतु १८८६ सालीं कप्तानाची सनद त्याच्या हातीं आली. १८९५ सालीं त्याची पहिली इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध झाली, आणि आज इंग्रजीच्या श्रेष्ठ कादंबरीकारांत त्याची गणना होते.

मात्र कॉनरॅडविषयींची एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. त्याचें इंग्रजी उच्चारण शेवटपर्यंत परकीयच राहिलें. १९२४ सालीं तो वारला तेव्हांहि त्याच्या बोलण्यांतला पोलिश हेल गेलेला नव्हता; सभेंत बोलावयाचा प्रसंग आला कीं त्याला संकोच वाटे. इंग्रजांनाहि हेवा वाटावा अशी भाषा लिहिणाऱ्या माणसाचा हेल गेला नाहीं, तर आपला मराठी हेल इंग्रजींत उमटला म्हणून खालीं मान घालण्याचें कारण काय? ऐकणाऱ्याला समजेल इतका उच्चार स्पष्ट असला कीं व्यवहार भागतो. साहेबासारखें बोलतां येईपर्यंत बोलावयाचेंच नाहीं, असें जो ठरवितो तो जन्मभर मुका राहतो.

महाराष्ट्रांत इंग्रजीच्या अभ्यासाचीं साधनें एकोणिसाव्या शतकांत तयार झालीं. त्यांतली एक मौज अशी कीं, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, जो १८३१ सालीं प्रथम आणि १८५७ सालीं सुधारून दुसऱ्यांदा निघाला, तो मुख्यतः मराठी शिकूं पाहणाऱ्या इंग्रजांच्या सोयीसाठीं होता. म्हणजे येथें प्रौढ विद्यार्थी साहेब होता आणि शिकविणारे आपले शास्त्री-पंडित. कँडीचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीं निघाला. पुढें शाळांतून आणि घरोघर तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आली. आधीं नियम, मग शब्द, मग मराठीचें इंग्रजी आणि इंग्रजीचें मराठी करावयाचीं वाक्यें, असा तिचा क्रम होता, आणि मराठी माणसांच्या पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर पोसल्या गेल्या. शिक्षकावांचून घरीं बसून शिकणाऱ्याला तिच्याएवढा आधार दुसऱ्या कशाचा क्वचितच मिळाला असेल.

परंतु केवळ भाषांतरावर जो विसंबतो त्याची एक अडचण होते. तो प्रत्येक वाक्य आधीं मराठींत जुळवितो आणि मग शब्दाला शब्द लावतो. "मला दोन भाऊ आहेत" या वाक्यांत मराठीला 'असणें' हें क्रियापद पुरतें. इंग्रजींत मात्र "आय हॅव टू ब्रदर्स" असें, जवळ बाळगण्याचें क्रियापद लागतें. "मला सांगा" याचें "टेल मी" होतें. पण "मला समजावून सांगा" याचें "एक्स्प्लेन मी" असें केलें तर चुकतें, तेथें "एक्स्प्लेन टु मी" असेंच म्हणावें लागतें. असे प्रकार नियमांनीं सोडवीत बसण्यापेक्षां अख्खें वाक्यच पाठ करणें अधिक सोपें आणि अधिक टिकाऊ असतें.

महाराष्ट्राच्या इतिहासांत प्रौढपणीं इंग्रजी शिकण्याचें सर्वांत तेजस्वी उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. १८५८ सालीं त्यांचा जन्म झाला. संस्कृत विद्येबद्दल कलकत्त्याच्या विद्वानांनीं १८७८ सालीं त्यांचा गौरव केला, तेव्हां त्या अवघ्या वीस वर्षांच्या होत्या. १८८२ सालीं पति निवर्तल्यावर तान्ह्या मुलीला घेऊन त्या पुण्यास आल्या. त्याच वर्षीं हंटर कमिशनपुढें स्त्रीशिक्षणाविषयीं त्यांची साक्ष झाली. ती साक्ष मराठींत झाली, आणि पुढें तिचें इंग्रजी करावें लागलें. आपलें म्हणणें सरकारच्या कानापर्यंत पोहोंचावयाचें तर तें दुसऱ्याच्या शब्दांतून जावें लागतें, ही स्थिति अशा विदुषीला किती बोंचत असेल याची कल्पना करतां येते.

पुण्यांतच त्यांनीं इंग्रजीचा अभ्यास सुरू केला. आपलें 'स्त्रीधर्मनीति' हें मराठी पुस्तक विकून आलेल्या पैशाचा प्रवासाला हातभार लावून १८८३ सालीं त्या इंग्लंडला गेल्या. वैद्यकी शिकावी असा त्यांचा मानस होता. परंतु ऐकूं कमी येत असल्यामुळें तो बेत सोडून द्यावा लागला. कान दुबळे असतां परक्या देशांत, परक्या लोकांत, परकी भाषा शिकणें किती कष्टाचें असेल! तरीहि वाँटेज येथें आणि मग चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजांत त्यांनीं अभ्यास नेटानें चालविला. शिकत असतांनाच त्या तेथें संस्कृत शिकवीतहि होत्या; म्हणजे एका हातानें विद्या घेत आणि दुसऱ्या हातानें देत. १८८६ सालीं त्या अमेरिकेस गेल्या, आणि १८८७ सालीं उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीवरचें त्यांचें इंग्रजी पुस्तक फिलाडेल्फिया शहरीं प्रसिद्ध झालें. मराठी साक्षीनंतर पांचच वर्षांनीं त्यांचें म्हणणें त्यांच्याच इंग्रजींत अमेरिकेच्या वाचकांपुढें उभें राहिलें. त्या पुस्तकानें आणि त्यांच्या व्याख्यानांनीं मिळविलेल्या साहाय्यावरच १८८९ सालीं मुंबईस शारदासदन उघडलें गेलें. बालविधवांना ज्या घराचा आसरा झाला, त्याच्या पायांत हा इंग्रजीचा अभ्यासहि घातलेला आहे.

त्याच काळांत पुण्यांत दुसऱ्या रमाबाईंना, म्हणजे न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नींना, निराळ्याच अडचणीला तोंड द्यावें लागलें. पतीच्या इच्छेनें त्या लिहावयास, वाचावयास आणि पुढें इंग्रजीहि शिकूं लागल्या, तेव्हां घरांतल्या वडीलधाऱ्या बायकांचा रोष त्यांच्यावर झाला. टोमणे, अबोला, उपहास हें सारें त्यांनीं मुकाट्यानें सोसलें. १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत त्यांनीं हें सर्व मनमोकळेपणानें लिहिलें आहे. बाहेर गुरु आणि पुस्तक मिळविणें पैशानें साधतें. परंतु आपल्याच घरांतल्या हंसण्याला तोंड देऊन पुस्तक उघडणें याला धैर्य लागतें. आजहि प्रौढ विद्यार्थ्याला खरा अडथळा होतो तो व्याकरणाचा नव्हे, लाजेचा. पोराबाळांदेखत चुकावें लागेल, शेजारी हंसतील, या भीतीनें कित्येकांचीं पुस्तकें पहिल्याच धड्यावर मिटतात. घरांतल्या माणसांनीं अशा वेळीं हंसूं न देण्याची काळजी घेतली, तर ती कोणत्याहि शिकवणीपेक्षां मोठी मदत ठरेल.

विसाव्या शतकांत या अनुभवांना शास्त्राचें रूप आलें, आणि त्यांतला एक मोठा प्रयोग आपल्याच देशांत झाला. मायकेल वेस्ट हे शिक्षणाधिकारी बंगालमध्यें ढाक्यास काम करीत असतां त्यांच्या लक्षांत आलें कीं, बहुतेक मुलें इंग्रजीचा अभ्यास पुरा होण्याआधींच शाळा सोडून जातात, आणि अर्ध्यावर सोडल्यामुळें त्यांच्या हातीं कांहींच उरत नाहीं. विम्याची पॉलिसी मध्येंच सोडली तरी कांहीं रक्कम परत मिळते. तसें शिक्षण मध्येंच थांबलें तरी विद्यार्थ्याच्या पदरांत कांहीं तरी पडलेंच पाहिजे, असें त्यांनीं १९२६ सालच्या आपल्या ग्रंथांत प्रतिपादन केलें. यासाठीं नेहमीं लागणारे शब्द आधीं आणि विरळ शब्द मागाहून, अशा क्रमानें त्यांनीं वाचनमाला रचली. १९३५ सालीं त्यांनीं एका सहकाऱ्याबरोबर जो इंग्रजी कोश केला, त्यांतले सर्व अर्थ अवघ्या १,४९० शब्दांत समजावून दिलेले होते. अर्थ पाहावयास जावें आणि अर्थांतलाच शब्द अडावा, ही कोश वापरणाऱ्याची जुनी पीडा त्यानें पुष्कळ कमी झाली. १९५३ सालीं त्यांची सुमारें दोन हजार अत्यावश्यक शब्दांची यादी प्रसिद्ध झाली.

१९३० सालीं सी. के. ऑग्डन यांनीं तर ८५० शब्दांतच इंग्रजीचा सारा व्यवहार बसविण्याची योजना मांडली. तिची कीर्ति फार झाली. परंतु तिच्यांत एक गुंता होता. शब्द थोडे ठेवले कीं त्यांच्या जोड्या वाढतात. 'पुट' ठाऊक, 'अप' ठाऊक, 'विथ'हि ठाऊक. पण तिन्ही एकत्र आल्यावर त्यांचा अर्थ 'सहन करणें' असा होतो, हें कोणी सांगावें? म्हणून शब्दांच्या संख्येवर जाऊं नये; त्यांचा उपयोग पाहावा.

ही उणीव भरून काढण्याचें काम जपानांत झालें. ए. एस. हॉर्न्बी आणि त्यांचे दोन सहकारी तेथें इंग्रजी शिकवीत असत. शब्दाचा अर्थ सांगून भागत नाहीं, तो वाक्यांत कसा बसतो हेंहि परक्या विद्यार्थ्याला सांगावें लागतें, हें ओळखून त्यांनीं कोश रचला. 'एक्स्प्लेन' पुढें 'टु' लागतें कीं नाहीं, असल्या प्रश्नांचें उत्तर त्यांत मिळूं लागलें. महायुद्ध पेटलेलें असतां १९४२ सालीं तो टोकियो येथें छापला गेला, आणि १९४८ सालीं ऑक्सफर्डच्या छापखान्यानें तो पुन्हां प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांसाठीं म्हणून जे इंग्रजी-इंग्रजी कोश आज बाजारांत मिळतात, त्यांचा हा पूर्वज होय. आवाजाची सोयहि याच शतकांत झाली. प्रथम ग्रामोफोनच्या तबकड्या आल्या. १९४३ सालीं बी. बी. सी. नें नभोवाणीवरून इंग्रजीचे पाठ सुरू केले. आणि आतां तर कोश, उच्चार आणि पाठ हीं तिन्ही खिशांतल्या मोबाइलवर येऊन बसलीं आहेत. श्लीमनला चर्चमधला इंग्रजी उपदेश ऐकण्यासाठीं रविवारची वाट पाहावी लागे. आजच्या विद्यार्थ्याला तें कष्ट उरलेले नाहींत.

या सर्व इतिहासाचा सारांश व्यवहाराच्या भाषेंत सांगावयाचा तर तो असा होईल. आपल्या धंद्यांत किंवा घरांत जें इंग्रजी रोज समोर येतें तेंच प्रथम घ्यावें, आणि एका वहींत त्यांतलीं पुरीं वाक्यें उतरून ठेवावीं. सुटे शब्द नव्हेत. रोज अर्धा तास ठरलेल्या वेळीं बसावें, कारण आठवड्यांतून एकदां चार तास बसण्यापेक्षां रोजचा अर्धा तास अधिक फळ देतो. त्या अर्ध्या तासांतला निम्मा वेळ मोठ्यानें वाचण्यांत घालवावा, आणि ऐकणारा कोणी नसला तरी वाचावें. चार ओळी स्वतः लिहाव्या. मग कोणा जाणत्याकडून, मग तो आपलाच शाळकरी मुलगा किंवा मुलगी कां असेना, त्या दुरुस्त करून घ्याव्या आणि दुरुस्त केलेल्या पाठ कराव्या. इंग्रजी-मराठी कोश हाताशीं असावा; पण एक-दोन वर्षांनीं विद्यार्थ्यांसाठीं केलेला लहान इंग्रजी-इंग्रजी कोश उघडण्याची संवय करावी. उच्चार स्पष्ट ठेवावा, हेलाची चिंता करूं नये. आणि राममोहनांचीं पहिलीं पांच वर्षें ध्यानांत ठेवून, सहा महिन्यांत कांहीं आलें नाहीं म्हणून पुस्तक फेकून देऊं नये.

भाजलेल्या मडक्याचा दृष्टान्त मातीला लागू आहे, माणसाला नाहीं. विणकर, दिवाण, पेढीवरचा उमेदवार, खलाशी आणि तान्हें मूल कडेवर घेऊन परदेशीं निघालेली विधवा, या सर्वांना लहानपणाची शाळा इंग्रजीच्या कामीं आली नाहीं. त्यांच्याजवळ गरज होती आणि रोजचा नेम होता. ज्याच्याजवळ या दोन गोष्टी आहेत त्यानें आज संध्याकाळींच, दिवाबत्ती झाल्यावर, पहिलें पान उघडण्यास हरकत नाहीं.